दिंडीतील पायताणांची तपासणी आणि दुरुस्ती : प्रकल्प नोंदी, २०२५

६ एप्रिल २०२५, रामनवमी

आज दिंडीच्या बैठकीत समितीने या कामाला मान्यता दिली आणि २५,००० रुपये मंजूर केले. जुन्नर तालुक्यातील आमची दिंडी माउलींच्या पालखी सोहळ्यात चालते. माणसे नव्वदच्या आसपास असतात आणि त्यांतील निम्म्याहून अधिक साठीच्या पुढची. मी फिजिओथेरपिस्ट असल्याने मुक्कामावर पाय दाखवायला येणाऱ्यांची रांग माझ्यापाशी लागते. टाच, पोटरी, गुडघा आणि कंबर यांच्या त्याच त्या तक्रारी ऐकून गेल्या वारीपासून मी पायाबरोबर पायताणही मागून घेऊ लागले. ते उलटे करून पाहिले की गोळ्यांपेक्षा नव्या चपलेची गरज असलेली माणसे पुष्कळ निघत. मात्र हे लोणंदच्या तळावर कळून उपयोग नसतो, कारण कोरे पायताण वाटेत पायात चढवले की दुसऱ्याच दिवशी फोड येतात.

हिशेब साधा आहे. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे २५० किलोमीटर आहे आणि फोमचा तळ असलेल्या बुटांचे आयुष्य साधारणपणे ५०० ते ८०० किलोमीटर धरले जाते. म्हणजे एकटी वारीच जोडाच्या आयुष्याचा तिसरा ते निम्मा भाग खाते. जो जोड गेल्या वारीत चालला आणि नंतर वर्षभर शेतात, बाजारात आणि लग्नकार्यांत वापरला गेला, तो दिसायला कितीही धड असला तरी यंदाच्या वारीसाठी संपलेला आहे, असे धरून आम्ही कामाला सुरुवात करत आहोत. प्रस्थान १९ जूनला आणि एकादशी ६ जुलैला आहे. नवे पायताण पायाला सरावायला अडीच आठवडे तरी लागतात, त्यामुळे बदलाची अखेरची तारीख १ जून ठरवली.

दुरुस्तीसाठी तालुक्याच्या बाजारात बसणारे एक अनुभवी गटई कामगार रविवारी येण्यास तयार झाले. त्यांची मजुरी दिवसाला ८०० रुपये असून सोल, सोल्युशन आणि दोरा यांचा खर्च वेगळा आहे.

१३ एप्रिल

तपासणीसाठी देवळाच्या ओवरीत कडप्प्याची एक लादी पातळीत बसवली. त्याखेरीज लागले ते व्हर्निअर (जाडी मोजायचे साधन), टॉर्च, खडू आणि एक पेन्सिल सेल. एका जोडाला पाच मिनिटे पुरतील असा अंदाज होता, प्रत्यक्षात पंधरा लागली, कारण प्रत्येकाला आपली चप्पल अजून वर्षभर जाईल हे पटवून द्यायचे होते.

पद्धत अशी ठेवली. जोड लादीवर ठेवून मागून, डोळे लादीच्या रेषेत आणून पाहायचा. टाचेचा मागचा भाग सरळ उभा असेल तर ठीक. आत किंवा बाहेर कललेला असेल तर तेवढाच कल घालणाऱ्याच्या टाचेच्या हाडाला प्रत्येक पावलागणिक मिळतो. मग टाचेखालच्या तळाची जाडी आतल्या आणि बाहेरच्या कडेला मोजायची. टाचेची मागची बाहेरची कड थोडी अधिक झिजणे हे निरोगी चालीचेच लक्षण आहे, कारण बहुतेकांची टाच त्याच कडेवर प्रथम टेकते. ही झीज सर्वांकडे दिसते आणि तिच्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. दोन्ही कडांत पाच-सहा मिलिमीटरचा फरक पडला की मात्र मी तो जोड बाजूला काढते. हा आकडा माझ्या अनुभवातला असून कोणत्याही मानकातून घेतलेला नाही. आतली कड अधिक झिजली असेल तर पायाची कमान खाली बसणारी असते आणि त्या व्यक्तीच्या टाचेखालच्या शिरेला, नडगीच्या आतल्या बाजूला व गुडघ्याला आधीच ताण असतो. एकच पायताण दुसऱ्यापेक्षा खूप अधिक झिजले असेल तर चप्पल बाजूला ठेवून मी आधी खुबा आणि पायांची लांबी तपासते.

पेन्सिल सेल घसरणीच्या कसोटीसाठी घेतला आहे. घसरून पडण्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन संशोधकांनी सुचवलेला हा सोपा नियम आहे : तळावरची नक्षी पूर्ण जाऊन गुळगुळीत झालेला भाग त्या सेलच्या बुडापेक्षा मोठा झाला की तो तळ ओल्या जमिनीवर धोक्याचा समजावा. नक्षीच्या खोबणींतून पाणी बाजूला सरते. गुळगुळीत भागाखाली मात्र ते अडकते आणि टाच पाण्याच्या पातळ थरावर तरंगते. आजच्या जोडांपैकी बरेचसे या एकाच कसोटीवर बाद झाले आणि त्यांतले अनेक वरून पॉलिश केलेले होते.

२० एप्रिल

बुटांची दाबून पाहण्याची चाचणी फसली. तळाच्या फोमवर अंगठा दाबायचा आणि तो मऊपणे आत जाऊन परत येतो का ते पाहायचे, अशी ती चाचणी आहे. सकाळी आठला कडक लागलेला बूट दुपारी एकला उन्हात ठेवल्यावर मऊ लागला आणि मी त्याला उत्तीर्ण करून बसले. फोम उष्णतेने मऊ पडतो, त्यामुळे ही चाचणी सावलीत आणि एकाच वेळी घेतली पाहिजे. शिवाय तुलनेसाठी कोरा नमुना लागतो. बाजारातून त्याच जातीच्या फोमचा एक नवा स्वस्त बूट (६५० रुपये) आणून तो ओवरीत ठेवला. एका हाताचा अंगठा नव्यावर आणि दुसऱ्याचा जुन्यावर ठेवला की फरक लगेच कळतो, आणि तो शेजारी बसलेल्या आजोबांनाही कळतो, हे अधिक महत्त्वाचे.

बुटाच्या बाबतीत फसवणूक होते ती येथेच. खालचे रबर टिकाऊ असते आणि त्याची नक्षी दोन-दोन वर्षे दिसत राहते. त्याच्या वरचा फोम मात्र हवेच्या असंख्य बंद कप्प्यांचा असतो आणि हे कप्पे दाबले जाऊन हळूहळू कायमचे बसतात. १९८५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यंत्रावर दाबलेल्या धावण्याच्या बुटांची धक्का शोषण्याची क्षमता पहिल्या ८० किलोमीटरनंतरच सुमारे ७५ टक्क्यांवर आली होती आणि ४०० ते ८०० किलोमीटरच्या टप्प्यात ती ६० टक्क्यांच्या खाली गेली होती. माणसांनी प्रत्यक्ष वापरलेल्या बुटांत मात्र ८०० किलोमीटरनंतरही ती ७० टक्क्यांच्या आसपास होती. त्यामुळे किलोमीटरचा आकडा हा अंदाज आहे, निकाल नाही. फोमच्या कडेवर आडव्या बारीक सुरकुत्या पडल्या असतील आणि आतल्या गादीवर टाच व अंगठ्याचा खोल ठसा उमटला असेल, तर मी किलोमीटर विचारत बसत नाही.

पिळून पाहण्याची कसोटी उपयोगी ठरली. बूट दोन्ही टोकांना धरून धुणे पिळल्यासारखा पिळायचा आणि मग वाकवायचा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे. मध्यावर दुमडत असेल तर त्याचा आधार गेला आहे.

२७ एप्रिल

आज फक्त हवाई चपला पाहिल्या. दिंडीत बहुसंख्य त्याच आहेत आणि वरच्या कसोट्यांपैकी पिळण्याची कसोटी त्यांना लावता येत नाही, कारण नवी हवाईही पिळली जातेच. येथे पाहायचे ते तीन जागी. टाचेखाली उरलेली जाडी किती, अंगठ्यापाशी पट्ट्याचे भोक फाकले आहे का, आणि पट्टा ताणून लांबला आहे का. एका मावशींच्या चपलेची टाच अशी झिजली होती की खालचा निळा थर संपून वरचा पांढरा थर रस्त्याला लागत होता, आणि पट्टा खाली सेफ्टी पिनेने अडकवलेला होता. ती पीन उघडली तर तळव्यात घुसेल, हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “डॉक्टरबाई, दोन वाऱ्या झाल्या हिच्यावर, कधी उघडली नाही.” त्यांना रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. लांबलेल्या पट्ट्याची चप्पल पायात राहावी म्हणून बोटे प्रत्येक पावलाला आकसून तिला धरून ठेवतात. २५० किलोमीटरमध्ये साडेतीन लाखांच्या वर पावले पडतात, म्हणजे एका पायाच्या बोटांना पावणेदोन लाख वेळा ही पकड घ्यावी लागते. पोटरी आणि नडगीचे स्नायू थकतात ते यामुळे. गोळ्यांना पाणी आणि मीठ कमी पडणे हेही कारण असते, पण मावशींना ते वारीबाहेरही, बाजार करून आल्यावर येतात.

हवाई चपलांची दुरुस्ती करायची नाही असा निर्णय आज घेतला. नवा पट्टा ३० रुपयांत मिळतो, परंतु टाच आठ मिलिमीटरपेक्षा पातळ झाली असेल तर पट्टा बदलून केवळ मोडीत काढण्याचा दिवस पुढे जातो. त्याऐवजी मागे पट्टा असलेल्या सँडलींचा एकत्रित सौदा केला, जोडी ३८० रुपयांना.

४ मे

दुरुस्तीचा पहिला दिवस वाया गेला. बुटांच्या झिजलेल्या टाचांवर टायरच्या रबराचे तुकडे चिकटवले होते. संध्याकाळी दोन किलोमीटर चालून पाहताच त्यांतले बहुतेक एका कडेने सुटले. कारण गटई काम करणाऱ्या दादांनीच दाखवले. झिजलेला फोम गुळगुळीत आणि मातीने भरलेला असतो, त्यावर सोल्युशन धरत नाही. शिवाय टायर ताठ असून फोम दबतो, त्यामुळे दोघांच्या सांध्यावर प्रत्येक पावलाला ओढ बसते. आता पद्धत बदलली आहे. झिजलेला तिरपा भाग रापीने पूर्ण कापून सपाट करायचा, काचपेपरने खरवडायचा, दोन्ही पृष्ठभागांवर सोल्युशन लावून बोटाला चिकटेनासे होईपर्यंत वाळू द्यायचे, आणि मग मायक्रो शीटचा (सोलसाठीच्या रबरी तक्त्याचा) पाचरीच्या आकाराचा तुकडा बसवून ठोकायचा. एका जोडाला ९० रुपये साहित्य लागते आणि अर्धा-पाऊण तास जातो. टायरचा सोल चामड्याच्या चपलेला मात्र उत्तम बसतो, कारण तेथे तो शिवता येतो.

शिवण्याजोग्या कोल्हापुरी चपला आमच्याकडे काही जणांच्या आहेत. त्यांना तळाला टायर शिवून दिला, पण सोबत बजावले आहे की त्या पावसाच्या दिवशी पिशवीत जातील. वनस्पतिजन्य कषायांनी कमावलेले ते चामडे भिजले की फुगते, वाळताना आखडते आणि मग अंगठ्याची वादी कापू लागते.

११ मे

आमच्या विणेकरी आबांची एकच चप्पल झिजली होती म्हणून गेल्या खेपेस एकाच चपलेला नवा तळ लावून दिला. आज ते कमरेच्या डाव्या बाजूला धरून आले. मोजल्यावर कळले की दुरुस्त केलेली चप्पल दुसरीपेक्षा आठ मिलिमीटरने उंच झाली होती, म्हणजे कमरेचे हाड दर पावलाला एका बाजूने उचलले जात होते. दुसऱ्या चपलेलाही तेवढाच थर दिला. आबा वीणा गळ्यात घेऊन तासन् तास चालतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हे वाटेवर लक्षात आले असते तर फार अवघड झाले असते. यापुढे दुरुस्ती नेहमी जोडीचीच होईल आणि दोन्ही टाचांची उंची मोजूनच जोड परत दिला जाईल.

याच सुमारास दोघा तरुणांनी विचारले की झिजलेल्या बुटांनी गुडघे खराब होतात का. मी नाही म्हणाले. गुडघ्याची झीज वय, वजन, जुनी इजा आणि घराण्यातला कल यांवर अवलंबून असते. बूट तिचे मूळ कारण नव्हे. धावणाऱ्यांवर २००९ साली झालेल्या एका अभ्यासात तर असे दिसले की झिजलेल्या बुटांत पायावर येणारा जोर फारसा बदलत नाही, कारण माणूस नकळत चाल बदलतो आणि पाय जमिनीवर किंचित अधिक वेळ टेकवतो. हा समतोल शरीर फुकटात साधत नाही, असे माझे मत आहे. पंचविशीतला धावपटू एका तासासाठी चाल बदलतो. अडुसष्ट वर्षांची बाई तीच तडजोड दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर, पाठोपाठ अनेक दिवस करते, आणि आधी दुखणारा गुडघा किंवा टाच तेथे बोलू लागते.

१८ मे

पुण्याहून एका देणगीदारांनी वापरलेल्या बुटांचे पोते पाठवले. हेतू चांगला होता, पण त्यांतले बहुतेक जोड मी नाकारले आणि त्यावरून समितीत थोडी नाराजी झाली. कारण असे की बूट पहिल्या मालकाच्या चालीप्रमाणे दबलेला असतो, आणि आत कललेल्या टाचेचा बूट बाहेर कललेल्या पायाला दिला तर दोन्ही दोष एकमेकांना भरून काढत नाहीत, पाय मुरगळण्याची शक्यता तेवढी वाढते.

पोत्यातला सर्वांत देखणा जोड ट्रेकिंगच्या बुटांचा होता. डोंगरावर क्वचितच गेलेला, अनेक वर्षे खोक्यात ठेवलेला. एका कार्यकर्त्याने तो घालून देवळाला दोन प्रदक्षिणा घातल्या तेव्हा तळाचा तुकडा पडून गेला आणि तिसरीला पूर्ण तळ चुरा होऊन निघाला. या जातीच्या पॉलियुरेथेनच्या तळात हवेतील दमटपणा शिरतो आणि पदार्थाच्या रेणूंची साखळी आतून तोडतो. वापर असो वा नसो, काही वर्षांनी तो ठिसूळ होतो. म्हणून आता नोंदवहीत ‘किती चालला’ याबरोबर ‘किती वर्षांचा’ हा रकाना वाढवला आहे. कपाटातून खास वारीसाठी काढलेला जुना बूट मला झिजलेल्या चपलेपेक्षा अधिक भीतिदायक वाटतो, कारण चप्पल तरी आपली अवस्था दाखवते.

२८ मे

यंदा पाऊस फार लवकर आला. दोन दिवसांपूर्वी, २६ तारखेला, मोसमी पाऊस पुण्या-मुंबईत पोहोचल्याचे जाहीर झाले आणि त्याआधीचा आठवडाही ओलाच गेला. दमट हवेत सोल्युशन वेळेत वाळत नाही, आणि घाईने जोडलेले सात जोड पुन्हा उघडावे लागले. ओवरीत हॅलोजनचा दिवा लावून वाळवण्याची सोय केली; दिवा फोमच्या फार जवळ नेला तर फोम आकसतो, म्हणून हातभर अंतर ठेवले. या फेरकामाला एक पूर्ण दिवसाची मजुरी आणि साहित्य मिळून १,४०० रुपये जास्त गेले.

१ जून

बदलाची अखेरची तारीख. मधुमेही वारकऱ्यांसाठी मागवलेल्या एमसीआर सँडली आज आल्या, जोडी ७५० रुपये. एमसीआर म्हणजे बारीक छिद्रांचे मऊ रबर. संवेदना गेलेल्या पायांसाठी मऊ पायताणांचे मोठे काम वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णांसाठी केले. मधुमेही पायालाही तेच तत्त्व लागू पडते. ज्याच्या तळव्याला टोचलेले कळत नाही, त्याला झिजलेली चप्पल दुखत नाही, आणि धोका नेमका यातच आहे. आरोग्य केंद्रात दहा ग्रॅमच्या नायलॉन तंतूने सर्व मधुमेहींचे तळवे तपासून घेतले. त्यांतील एका काकांच्या जुन्या चपलेत बाभळीचा काटा आरपार आला होता आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. त्यांना आणि त्यांच्या पत्नीला सांगितले आहे की रोज पायात घालण्यापूर्वी सँडल झटकायची आणि आत हात फिरवायचा, आणि रात्री तळवे पाहायचे काम काकूंनी करायचे.

एमसीआर मऊ असल्यामुळे लवकर बसते. चवड्याखाली, अंगठ्याच्या मुळापाशी, रबर दाबून पाहावे. तेथे ते परत उसळत नसेल तर बाकीचा तळ नवा दिसला तरी सँडल बदलावी.

अनवाणी चालण्याचा नेम असलेल्या माउलींशी वाद घातला नाही. त्यांतील ज्यांना मधुमेह आहे त्यांच्याशी मात्र दिंडीचालकांनी स्वतः बोलावे, अशी विनंती केली. दोघांनी नेम बदलून चपला स्वीकारल्या, एका आजींनी नाही.

२२ जून, सासवड

पुणे ते सासवड हा सोहळ्यातील सर्वांत लांब टप्प्यांपैकी एक, तीस किलोमीटरच्या वर, आणि मध्ये दिवे घाट. तपासणी खरी की खोटी हे आजच ठरणार होते. घाटातील चढावर चवडा आणि पोटरीवर भार येतो. सँडलींचे मागचे पट्टे येथे उपयोगी पडले. पोटऱ्यांच्या तक्रारी गेल्या वर्षीपेक्षा स्पष्टपणे कमी आल्या. फोड मात्र आले, आणि ते जवळजवळ सर्व अशा लोकांना, ज्यांनी १ जूनला घेतलेली सँडल पिशवीत जपून ठेवली आणि आळंदीतच पहिल्यांदा घातली. सेफ्टी पिनेच्या मावशी त्यांत आहेत. सरावासाठी दिलेल्या अडीच आठवड्यांची पाहणी मी कोणाकडेही सोपवली नव्हती. पुण्याच्या मुक्कामात चर्मकार बांधव वारकऱ्यांची पायताणे विनामूल्य शिवून देतात. आमचे सुटलेले दोन पट्टे तेथेच शिवून मिळाले.

२६ जून, लोणंद

तीन दिवस पायताणे ओली आहेत. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या आहेत आणि त्यांवर झिजलेल्या-नव्या चपलेचा भेद चालत नाही. बेचके कोरडे करणे हाच उपाय. ओले बूट चुलीजवळ ठेवू नयेत हे रोज सांगावे लागते. वर्तमानपत्राचे बोळे आत कोंबून वाऱ्यावर ठेवले तर सकाळपर्यंत बरेचसे वाळतात.

चिखलात घसरून घोटा मुरगळलेल्या एका गृहस्थांचा बूट पाहिला. एप्रिलमध्ये सेलच्या कसोटीवर बाद केलेला तोच जोड होता; घरी नवा ठेवून हा घालून आले होते.

२० जुलै

परतल्यावर निवडक जोड पुन्हा मोजले. मायक्रो शीटच्या टाचा बाहेरच्या कडेला दोन ते तीन मिलिमीटर झिजल्या आहेत, टायरचे तळ एक मिलिमीटरही नाही. ३८० रुपयांच्या सँडलींचा चवड्याखालचा भाग बसला असून त्या पुढच्या वारीला चालणार नाहीत. घरी वापरायला ठीक आहेत. एमसीआरच्या सँडलींपैकी दोन आताच बदलण्याजोग्या आहेत.

एकूण खर्च २७,३५० रुपये झाला. वाढीव रक्कम दिंडीच्या आरोग्य निधीतून घेतली. पुढील वर्षी बुटांच्या फोमची दुरुस्ती करायची नाही. दुरुस्ती फक्त चामड्याच्या चपलांची होईल. खरेदी फेब्रुवारीत उरकून चैत्री वारीपासून प्रत्येकाने नवे पायताण गावात वापरायचे, आणि बाद ठरवलेला जोड तपासणीच्या जागीच जमा करून घ्यायचा. जमा करण्याच्या अटीला समितीत अजून विरोध आहे.